सह्याद्रीच्या ज्वालामुखीचं तोंड कुठे आहे?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. भूजलाच्या कामामुळे गावोगाव फिरणं होतं, सुट्टीच्या दिवशी हौशी मंडळींना घेऊन दगड बघायला जाणं होतं, आणि विहिरीच्या काठावर बसलेले आजोबा असोत नाहीतर गडावर रील्स काढणारी कॉलेजची पोरं असोत, एक प्रश्न ठरलेला. "मॅडम, सह्याद्री ज्वालामुखीपासून झालाय म्हणता ना, मग त्या ज्वालामुखीचं तोंड कुठंय?" मग कोणी लोणार म्हणतं, कोणी महाबळेश्वर म्हणतं, आणि हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा म्हणजे तुटून अर्धं उरलेलं तोंड आहे असं तर मला बऱ्याच जणांनी अगदी खात्रीने सांगितलंय. प्रश्न शंभर टक्के रास्त आहे, कारण शाळेच्या पुस्तकात ज्वालामुखी म्हटलं की वर खड्डा असलेला सुळकेदार डोंगर आणि त्यातून धूर हेच चित्र असतं, त्यामुळे आपल्याकडेही तसलं काहीतरी असणार असं वाटणारच.

तर सरळ उत्तर असं की तसं तोंड नव्हतंच. भेगा होत्या. जमीन लांबच्या लांब फाटली आणि त्या फटींमधून लाव्हा वर येऊन पसरला, पुन्हा बरीच वर्षं शांतता, पुन्हा नवी भेग, पुन्हा लाव्हा, आणि तो आधीच्या थरावर पसरला. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा भारत आत्ता आहे तिथे नव्हता, विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, आजच्या मादागास्करच्या बाजूच्या समुद्रात, आणि उत्तरेकडे सरकत होता. सरकताना तो एका हॉटस्पॉटवरून गेला, म्हणजे जिथे पृथ्वीच्या आतून खूप गरम खडक वर येत राहतो अशा जागेवरून. त्यातून जे बाहेर पडलं त्याने आजही जवळपास पाच लाख चौरस किलोमीटर जमीन झाकलेली आहे, नागपूरपासून मुंबईपर्यंत आणि बेळगावपासून माळव्यापर्यंत, वर सौराष्ट्र वेगळं. समुद्राखाली बॉम्बे हायच्या भागात खोल ड्रिलिंग केलं तर तिथेही हाच बेसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा खडक, लागतो. आणि पार तिकडे आंध्रात, गोदावरी समुद्राला मिळते त्याच्या थोडं अलीकडे, राजमहेंद्रीजवळ या लाव्हाचे थर आहेत, ते इथूनच हजारएक किलोमीटर वाहत गेले असावेत असं बहुतेक अभ्यासक मानतात.

आता भेगा होत्या याला पुरावा काय, तर त्या भेगा अजून आहेत. शेवटचा लाव्हा आतच थिजला की भेगेत खडकाची उभी भिंत तयार होते, तिला डाईक म्हणतात. आजूबाजूचा खडक मऊ असला तर तो झिजून जातो आणि भिंत उभी राहते. धुळे-नंदुरबारकडे गेलात, साक्री दोंडाईचा या पट्ट्यात, तर सपाट माळावर सरळ रेषेत जाणाऱ्या काळ्या अरुंद टेकड्या दिसतात, बऱ्याचशा पूर्व-पश्चिम, काही तर कित्येक किलोमीटर लांब, शेतं ओलांडून रस्ता ओलांडून सरळ चाललेल्या. नकाशावर सॅटेलाइट व्ह्यू लावून बघा, घरबसल्या दिसतील. मला विचाराल तर महाराष्ट्रातलं ज्वालामुखीचं खरं तीर्थक्षेत्र हे आहे आणि तिथे कोणी जात नाही.

तिथे गेलात तर डाईकच्या कडेचा दगड आणि मधला दगड हातात घेऊन बघा. कडेचा एकदम बारीक, काळाकुट्ट, डोळ्यांना कण दिसत नाहीत, कारण थंड खडकाला टेकल्याबरोबर तो झटकन थिजला. मधला जरा भरड, भिंगातून त्यात पांढुरक्या काड्या दिसतात, तो सावकाश निवला म्हणून स्फटिकांना वाढायला वेळ मिळाला. आणखी एक गंमत म्हणजे खांब. बेसाल्ट थंड होताना आकसतो आणि त्याला तडे जाऊन पाच-सहा कोनी खांब बनतात, अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला ते उभे दिसतात, यवतमाळ जिल्ह्यात रस्त्याच्या कामात असेच खांब उघडे पडले तेव्हा पेपरात फोटो आले होते. तडे नेहमी थंड होणाऱ्या पृष्ठभागाशी काटकोन करून आत जातात. डाईकमधे थंड बाजू म्हणजे दोन्ही अंगाच्या भिंती, त्यामुळे तिथे खांब आडवे पडलेले असतात! आडवे खांब दिसले की समजायचं आपण भेगेच्या पोटात उभे आहोत.

पुणे-नाशिकच्या मधल्या भागातही डाईक्स आहेत पण त्यांना धुळ्यासारखी एक दिशा नाही, कुठेही कशाही गेलेल्या. त्यातल्या बऱ्याच जणींची रासायनिक घडण सह्याद्रीतल्या वरच्या थरांशी जुळते, म्हणजे ते थर ज्या फटींतून आले त्यातल्या काही आपण रोज ओलांडून जातो.

बरं, थर. कोणत्याही घाटात, जिथे रस्त्यासाठी डोंगर उभा कापलाय तिथे गाडी सुरक्षित जागी लावून (वळणावर नको, प्लीज) पाच मिनिटं नुसतं बघा. खालून वर वाचायचं. थराच्या अगदी तळाशी कधीकधी बोटाएवढ्या उभ्या नळ्या दिसतात, त्या ओल्या जमिनीवर लाव्हा आल्यावर वाफ वर निघाली त्याच्या, आणि त्यांची वरची टोकं एका बाजूला वाकलेली असतील तर लाव्हा त्या दिशेला वाहत होता. मग मधे घट्ट काळा भाग, घणाने फुटत नाही तो. मग वरचा भाग भोकाभोकांचा, कारण वायूचे बुडबुडे वर चढले आणि अडकले. त्या भोकांमधे नंतर कोमट पाणी झिरपून झिओलाइट, कॅल्साइट, गारगोटी भरली. पांढरे, पीच रंगाचे, हिरवट स्फटिक. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणीतला कॅव्हनसाइट नावाचा निळाभोर खनिज तर जगभरच्या म्युझियममधे आहे आणि वाघोलीत फ्लॅट घेतलेल्या माझ्या ओळखीतल्या एकालाही ते माहीत नव्हतं.

बरेचसे थर एका दमात जाड झालेले नाहीत हे पण त्यातून कळतं. पातळ लाव्हा पसरतो, वरची कातडी लगेच धरते, पण आत अजून गरम लाव्हा येतच राहतो आणि तव्यावर भाकरी फुगते तशी ती कातडी वर उचलली जाते. हातभर जाडीचा पसारा असा फुगत फुगत घरांपेक्षा उंच होतो. म्हणून डोंगर उद्ध्वस्त करणारा स्फोट वगैरे डोळ्यांसमोर आणू नका. आपल्याकडचा बहुतेक लाव्हा शांतपणे, चिकाटीने पसरलाय, राखेचे मोठे थर फारसे नाहीतच.

आणि दोन थरांच्या मधे लाल पट्टा. ट्रेकर लोकांना हा नक्की आठवेल, काळ्या कातळात फूट-दोन फूट जाडीची विटकरी लाल रेघ, लांबवर सरळ गेलेली. त्याला रेड बोल म्हणतात. खालचा थर थंड होऊन उघड्यावर पडला, ऊन-पावसाने कुजला, माती झाली, काही ठिकाणी त्यात राखही आहे, मग वरून नवा लाव्हा आला आणि त्याने ती भाजली. म्हणजे ती रेघ म्हणजे शांततेचा काळ. त्या मधल्या काळात तळी होती, झाडं होती, प्राणी होते. मुंबईत वरळीला अशाच दोन थरांमधल्या गाळात छोट्या बेडकांचे आणि कासवांचे जीवाश्म सापडलेत. नागपूरला स्टीफन हिस्लॉप नावाचा मिशनरी १९व्या शतकात टाकळीच्या टेकडीवर असे जीवाश्म गोळा करायचा, हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचं. लाव्हाच्या आधीची जमीन बघायची असेल तर चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा आहे, तिथे डायनॉसॉरची हाडं मिळाली आणि त्यांची दगड झालेली विष्ठासुद्धा, तिचा अभ्यास करून ते काय खात होते हे काढलंय लोकांनी.

मग पुढचा प्रश्न येतोच, की लाव्हा सपाट पसरला तर मग हे कडे, सुळके, डोंगर कुठून आले? माझ्या मते मूळ प्रश्नापेक्षा हा जास्त महत्त्वाचा. ते आले नाहीत हो, ते उरलेत. एकावर एक थर रचून प्रचंड पठार झालं, सगळं पठारच एकत्र वर उचललं गेलं, आणि मग कोट्यवधी पावसाळ्यांनी ते कापलं. कळसूबाईवर उभं राहून समोरच्या अलंग मदन कुलंगकडे बघा, इकडचा पट्टा आणि तिकडचा पट्टा एकाच उंचीवर जुळतो. मधली दरी नंतर कोरली गेली, आधी सगळं सलग होतं. कळसूबाई १६४६ मीटर आहे ती तिथे काही खास उसळलं म्हणून नाही, तिच्या आजूबाजूचं गेलं म्हणून. कोकणकडासुद्धा तोंड नाही, पश्चिमेकडून झिजत झिजत मागे सरकत आलेली पठाराची कड आहे. आणि पनवेलच्या आसपास थर समुद्राकडे कलायला लागतात, घाटावर ते जवळपास आडवे आणि किनाऱ्याकडे पश्चिमेला उतरते, म्हणजे पठाराची ती बाजू वाकून खाली गेली.

हे थर ओळखायला नावं दिली आहेत आणि मला ती फार आवडतात. खालून वर जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. डोळ्यांनी ते सगळे सारखेच काळे, फरक कळतो तो रसायनावरून आणि काही थरांमधे फेल्डस्पार नावाच्या खनिजाचे बोटभर लांब स्फटिक असतात त्यावरून. पण जगात कुठेही डेक्कन ट्रॅपवर, म्हणजे आपल्या या लाव्हाच्या थरांवर, पेपर वाचला जातो तेव्हा तिथला माणूस पोलादपूर आणि आंबेनळी असं म्हणतो, विचार करा.

लोणारचं लवकर सांगते. ते तोंड नाही. उल्कापाताने झालेला १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा आहे, तोही बेसाल्ट थिजून कोट्यवधी वर्षं झाल्यावर. १९७०च्या दशकात तिथे ड्रिलिंग झालं आणि प्रचंड धक्क्यानेच होते तशी, स्फटिकांची झालेली काच खडकात मिळाली. ज्वालामुखीत तेवढा दाब येत नाही. विषय संपला.

खाली किती खोल? १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर तिथे बोअर घेतलं तेव्हा ३३८ मीटरवर बेसाल्ट संपला आणि थोड्या गाळानंतर ग्रॅनाइटचा जुना पाया लागला. कोयनेला रासाटीत तोच पाया लागायला साधारण ९३० मीटर जावं लागलं, आणि वर डोंगर उभे आहेत ते वेगळेच. पश्चिमेला ढीग जाड, पूर्वेला पातळ होत जाणारा. विदर्भाच्या पूर्व टोकाला, भंडारा गोंदिया गडचिरोलीकडे, तो संपतोच आणि त्याहून कितीतरी जुने खडक वर येतात, खाली सिंधुदुर्गातही तसंच.

हे सगळं मी इतकं लावून का धरते याचं कारण माझ्या रोजच्या कामात आहे. विहीर खणताना वरची काळी माती, मग मुरूम, मग कातळ. लोक म्हणतात खाली पाताळगंगा आहे, अजून दोनशे फूट जा. पण घट्ट बेसाल्टमधे पाणी राहायला जागाच नसते. पाणी असतं वरच्या भोकाळ, कुजलेल्या भागात आणि तड्यांमधे, लाल पट्टा तर ओला झाला की फुगून बंद होतो, आणि मधून डाईक आडवी गेली असेल तर एका अंगाच्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी आणि दुसऱ्या अंगाची कोरडी, एकाच बांधावर. शेतकरी कर्ज काढून बोअर मारतो, धूळ येते, शेजारी दुसरं मारतो. आधी ओढ्याच्या काठाला, शेजारच्या विहिरीच्या कडेला थर बघितले असते तर ते पैसे वाचले असते, आणि हे बघायला डिग्री लागत नाही, आपल्याकडच्या जुन्या विहीर खणणाऱ्यांना दगड माझ्याइतकाच कळतो. तिकडे ज्या डाईक्स सहा कोटी वर्षं टिकल्या त्या खडीसाठी फोडल्या जाताना बघितलं की मात्र मला खरंच राग येतो. खडी लागते, मान्य, रस्ते हवेत. पण निदान चांगल्यातल्या चांगल्या दोन-चार तरी राखून ठेवा ना. पारनेर तालुक्यात निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे देवीच्या श्रद्धेमुळे तरी राहिलेत, डाईकला देऊळ नाही.

राहिला शेवटचा, हमखास काळजीच्या आवाजात विचारला जाणारा प्रश्न, "परत होईल का?" नाही. ज्या हॉटस्पॉटवर हे झालं तो मागे राहिला आणि भारत पुढे निघून आला. लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मॉरिशस ही सगळी त्याच्या मागावरची बेटं. कोयनेला १९६०च्या दशकापासून जे हादरे बसतात ते धरणाचं पाणी आणि खालच्या जुन्या भेगा यांचं प्रकरण आहे, त्यात लाव्हा नाही. हॉटस्पॉट आता मुंबईपासून साडेचार हजार किलोमीटरपेक्षा लांब, रियुनियन बेटाखाली आहे. तिथला पिटॉन द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी अजून वरचेवर फुटतो, यूट्यूबवर भरपूर व्हिडिओ आहेत. बघाल तेव्हा उंच उडणाऱ्या कारंज्यांवर थांबू नका, पुढे खाली जिथे लाव्हा हळूहळू पसरतोय आणि त्याची कातडी फुगतेय तो भाग शोधून बघा.