कोमल रिषभ, १२०० आरपीएम

१४ एप्रिल

संध्याकाळी सातला आई रियाजाला बसते आणि त्याआधी छताचा पंखा बंद करते. सदाशिव पेठेतला वरचा मजला, दिवसभर तापलेला स्लॅब, तरी पंखा बंद म्हणजे बंद. वाऱ्याने घसा धरतो, असं तिचं म्हणणं. खरं कारण आवाज. मग इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची पेटी सुरू होते आणि घरात सगळे हळू चालायला लागतात.

आज त्या शांततेत माझ्या टेबलाखालून घूंऽऽ.

कॉम्प्युटर नुसता चालू होता. एक पीडीएफ उघडी, बाकी काही नाही. ग्राफिक्स कार्डाचा फॅन चारेक मिनिटं फिरला, थांबला, थोड्या वेळाने पुन्हा सुरू. आई भूप घेत होती. तिसऱ्या खेपेला ती थांबली आणि तानपुरा तसाच वाजत ठेवून म्हणाली, "अरे, तुझं ते यंत्र सारखं कोमल रिषभ लावतंय. भूपात चालत नाही."

कोमल रिषभ म्हणजे सा च्या लगेच वरचा स्वर, तो भूप रागात नसतोच. मी हसलो. ती हसली नाही.

१५ एप्रिल

रात्री सगळे झोपल्यावर साइड पॅनल काढलं आणि टॉर्च मारून पाती मोजली. दोन फॅन, प्रत्येकाला अकरा पाती. सॉफ्टवेअरमध्ये वेग दिसतो १२०० आरपीएम, म्हणजे सेकंदाला वीस फेरे. वीस गुणिले अकरा, २२० हर्ट्झ. आईची पट्टी काळी चार, म्हणजे हार्मोनियमची चौथी काळी पट्टी हा तिचा सा, २०८ च्या आसपास. २२० म्हणजे पांढरी सहा, बरोबर अर्धा स्वर वर. सा काळी चार धरला तर पांढरी सहा कोमल रिषभच. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला बारा वेळा थरथर होते, ती वेगळी. कागद तिथेच टेबलावर ठेवला.

सकाळी तिला सांगितलं. तिला आश्चर्य वगैरे काही वाटलं नाही. "मग काल काय सांगत होते?"

मी म्हटलं, अहिर भैरव घेतलास तर फॅन रागात बसेल. तो सकाळचा राग, कोमल रिषभाचा. तर म्हणे, "संध्याकाळी सातला?"

१८ एप्रिल

कार्ड बाहेर काढून साफ केलं. हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या, पट्ट्यांवर धुळीचा नमदा बसला होता, नखाने सोलला तर तुकड्यातुकड्याने निघाला. शेजारी जुनी इमारत पाडून नवीन उभी राहतेय, तिची अर्धी माती आमच्या घरात आणि उरलेली या कार्डात असावी. ब्लोअर मारताना पाती बोटाने धरून ठेवली. हवेच्या झोताने फॅन भन्नाट फिरू दिला तर बेअरिंगची वाट लागते, शिवाय फिरता फॅन उलट वीजही तयार करतो.

इतकं करून फरक दोन अंश. फॅन अजून चालू-बंद, चालू-बंद. खरं तर सलग घूं परवडली. कान दहा मिनिटांत ती विसरतो. ही मधेच सूर लावून सोडून देणारी तऱ्हा जास्त छळते.

१९ एप्रिल

तपकीर गल्लीत, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, जाऊन आलो. दुकानदाराने मॉडेल ऐकलं, माझ्याकडे जरा दयेने पाहिलं आणि नवीन कार्डाची किंमत सांगितली. चिप आणि हीटसिंकच्या मधे लावायच्या थर्मल पेस्टची एक ट्यूब घेऊन परत आलो. अजून लावलेली नाही.

२७ एप्रिल

आफ्टरबर्नर नावाचं, ग्राफिक्स कार्डावर ताबा देणारं सॉफ्टवेअर टाकलं. त्यात फॅनची रेघ आपल्या हाताने ओढता येते, आडवं तापमान आणि उभा वेग. कार्डाची स्वतःची पद्धत अशी होती: ५५ अंशांखाली फॅन पूर्ण बंद, ५५ झाले की एकदम १२००, मग ४७ च्या आसपास उतरलं की पुन्हा बंद. आधी वाटलं वेगच कमी करू. फॅनचा वेग निम्मा केला की आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो आणि हवा मात्र निम्मीच कमी होते, म्हणजे सौदा चांगला. पण हे फॅन ३० टक्क्यांच्या खाली फिरतच नाहीत, आणि ३० टक्के म्हणजेच ते १२००. एक तर शून्य, नाही तर कोमल रिषभ.

म्हणून सुरू होण्याची रेषा ५५ वरून ६५ वर नेली. चिपला त्याचं काही वाटत नाही, खेळ चालू असताना ती ८० पर्यंत आरामात जाते. संध्याकाळी कार्ड ५७ वर स्थिरावलं आणि फॅन गप्प राहिला. आईने पूर्ण भूप म्हटला, वर यमनही.

तरी मला चैन पडेना. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला तर कोमट. काही न करणारं कार्ड ५७ वर का बसावं?

४ मे

भलतंच गरम झालंय. खोलीत ३५. दुपारी एक लहानसा व्हिडिओ पाहिला, कार्ड पासष्टला टेकलं आणि फॅन सुटला, तो सव्वासातपर्यंत. आई आतून काही बोलली नाही. आईने न बोलणं जास्त वाईट.

९ मे

हे आधीच बघायला हवं होतं. ड्रायव्हरबरोबर, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरबरोबर, एक कमांड येते, ती कार्ड कुठल्या अवस्थेत आहे ते सांगते. पी-८ म्हणजे झोपलेलं, पी-० म्हणजे पूर्ण जागं. सगळ्या खिडक्या बंद करून, माऊसवरून हात काढून, ती चालवली. पी-०. मेमरीचा वेग ४००० मेगाहर्ट्झच्या वर, वीज ३१ वॅट. पडद्यावर नुसता वॉलपेपर आणि कार्ड पूर्ण जागं!

दुसऱ्या मॉनिटरची वायर उपसली. दहाएक सेकंदात पी-८, मेमरी ४०५ वर, वीज ९ वॅट.

वायर परत लावली, पुन्हा ३१.

मग डोक्यात प्रकाश पडला. मोठा मॉनिटर १४४ हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रं, आणि जानेवारीत घेतलेला छोटा ६० वर. मेमरीचा वेग बदलायला कार्डाला एक फट लागते, एक चित्र संपून दुसरं सुरू होण्याआधीचा निमिष. दोन पडद्यांच्या फटी एकमेकींशी जुळल्या नाहीत, तर मधेच वेग बदलला की चित्र लुकलुकणार. म्हणून ड्रायव्हर वेग खाली आणतच नाही. मोठा मॉनिटर १२० वर आणला, साठच्या बरोबर दुप्पट. पी-८. दोन्ही पडदे चालू असून ९ वॅट. १४४ आणि १२० मधला फरक माझ्या डोळ्यांना तरी कळत नाही, आणि कळला असता तरी मी कबूल केला नसता.

मग हिवाळ्यात हे लक्षात का आलं नाही, तेही उलगडलं. ३१ वॅटमुळे कार्ड, फॅन बंद असताना, खोलीपेक्षा पंचवीसेक अंश वर राहतं. जानेवारीत खोली २२, म्हणून कार्ड ४७, फॅनला कारणच नव्हतं. एप्रिलमध्ये खोली ३३, झाले ५८. मॉनिटर आला त्या दिवसापासून कार्ड जागंच होतं, पुण्याच्या थंडीने ते तीन महिने झाकून ठेवलं. आणि मी धुळीला शिव्या दिल्या, तपकीर गल्लीपर्यंत पायपीट केली, रेघ ओढत बसलो.

रेघ पुन्हा ५५ वर आणून ठेवली. अर्ध्या तासाने कार्ड ४२. फॅनच्या पात्यांवर टॉर्च मारला, अकरा पाती स्वच्छ मोजता आली.

११ मे

सात वाजता आईने पंखा बंद केला. भूप. मी मुद्दाम टेबलापाशीच बसलो, पीडीएफ उघडी, दोन्ही पडदे चालू. टेबलाखाली काही नाही. आलाप झाला, बंदिश झाली.

मग ती थांबली. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल. ती स्वयंपाकघराकडे कान देऊन बसली होती.

"फ्रिज."

"काय फ्रिज?"

"खर्जाला उतरलाय."

मी मनात हिशोब केला. विजेचे ५० हर्ट्झ, तिची गुणगुण १०० वर. काळी चारचा खर्ज, म्हणजे एक सप्तक खालचा सा, १०४. पुन्हा तिचंच बरोबर. मी म्हटलं, त्याला सेटिंग नसतं गं.

तिने उत्तर दिलं नाही. पेटीची बारीक कळ जराशी उतरवली आणि पुन्हा सा लावला.