बक कन्व्हर्टर बोर्ड अपडेट: चिप मरते ती प्लग खोचतानाच

२४ व्होल्टवरून ५ व्होल्ट काढणारा माझा बक बोर्ड अधूनमधून चिप खातोय हे मागच्या अपडेटमध्ये लिहिलं होतं, आता कारण सापडलंय आणि ते स्कोपवर (व्होल्टेज वेळेनुसार कसं बदलतं ते दाखवणारा ऑसिलोस्कोप) स्वच्छ दिसलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मेलेल्या चिपला मल्टीमीटर लावला की इनपुट पिन आणि स्विच पिन यांच्यात सरळ शॉर्ट, म्हणजे आतला वरचा मॉसफेट (इनपुट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) गेलेला. बकमध्ये हा सगळ्यात वाईट फॉल्ट, कारण अख्खे २४ व्होल्ट कॉइलमधून ५ च्या लाइनवर जातात आणि पुढचा मायक्रोकंट्रोलर पण घेऊन जातात. पहिला संशय हीटवरच येतो, पण फुल लोडवर तासन्तास चालवली तरी चिप ठणठणीत, आणि मरायची ती नेहमी सप्लाय जोडल्या जोडल्या, लोड असो वा नसो.

मग प्रोबची लांब ग्राउंड वायर काढून टोकाला छोटी स्प्रिंग लावली (लांब वायरच्या लूपमध्ये नको तो नॉइज शिरतो), सिंगल शॉट ट्रिगर ठेवला (म्हणजे स्कोप एकच घटना पकडून थांबतो), सप्लाय आधीच चालू ठेवला आणि प्लग खोचला. इनपुट पिनवरचं व्होल्टेज २४ ला थांबतच नाही, थेट ४१ पर्यंत उडी, मग खाली, परत वर, असं झुलत झुलत शांत होतं. आणि चिपची कमाल मर्यादा ३० व्होल्ट!

ही सगळी करामत केबल आणि सिरॅमिक कपॅसिटरची. एक मीटर जोडवायरचा इंडक्टन्स साधारण १ मायक्रोहेन्री, पुढे १० मायक्रोफॅरडचा सिरॅमिक, ज्याचा ईएसआर (कपॅसिटरचा आतला रेझिस्टन्स) काही मिलिओहम, म्हणजे एलसी सर्किट (झोके घेणारी कॉइल-कपॅसिटरची जोडी) तयार आणि डॅम्पिंग, म्हणजे झोका विरवणारा अडथळा, जवळजवळ शून्य. अशा सर्किटला अचानक व्होल्टेज दिलं तर शिखर दुपटीपर्यंत जाऊ शकतं. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट पुढे आहे: हिशेबाने रिंगिंग (व्होल्टेजचं हे झुलणं) ५० किलोहर्ट्झला यायला हवं होतं, दिसलं ८० च्या आसपास, म्हणजे कपॅसिटर प्रत्यक्षात ४ मायक्रोफॅरडचंच काम करतोय. डीसी बायस (कपॅसिटरवरचं स्थिर व्होल्टेज) वाढला की असल्या सिरॅमिकची कपॅसिटी घसरते, हे वाचलेलं असतं, पण आपल्याच बोर्डवर असं मोजता आलं की मजा येते. आणि शिखराच्या जवळ कपॅसिटी अजून कमी होते त्यामुळे कधी कधी झोका दुपटीच्या पण वर जातो.

उपाय म्हणून टीव्हीएस डायोड (जादा व्होल्टेज दाबून धरणारा डायोड) बरेच जण सुचवतात, पण डेटाशीट नीट बघा. एसएमबीजे२४ए नावाला २४ व्होल्टचा, फुल पल्स करंटला क्लॅम्प होतो (व्होल्टेज रोखून धरतो) ३८.९ ला, ३० व्होल्टच्या चिपला त्याच्या भरवशावर सोडता येत नाही. खरं काम केलं ते साध्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरने. ४७ मायक्रोफॅरड, ५० व्होल्टचा, सिरॅमिकला पॅरलल. इथे त्याचा अर्धा ओहमच्या आसपासचा ईएसआरच कामाला येतो, कारण १ मायक्रोहेन्री आणि ४ मायक्रोफॅरडचा इम्पीडन्स (एसीला होणारा विरोध) पण तेवढाच निघतो, आणि दोन्ही जुळले की झोका लवकर विरतो. पॉलिमर कपॅसिटर लावू नका, त्याचा ईएसआर फारच कमी. आता शिखर २८ च्या आत आहे.

तरी २८ आणि ३० मधल्या फटीवर माझा विश्वास नाही. केबल लांब झाली की इंडक्टन्स वाढतो, इलेक्ट्रोलिटिकचा ईएसआर थंडीत आणि वय झाल्यावर बदलतो. त्यामुळे पुढच्या रिव्हिजनला ४० व्होल्ट इनपुटवाली चिप घेतोय, इलेक्ट्रोलिटिक तसाच ठेवून, आणि ५ व्होल्टच्या लाइनवर क्रोबार (व्होल्टेज वाढलं की लाइन मुद्दाम शॉर्ट करणारं सर्किट) अधिक इनपुटला फ्यूज, म्हणजे मॉसफेट शॉर्ट झालाच तरी पुढचं वाचेल. बोर्ड आले की तीन मीटर केबलवर हीच प्लग टेस्ट करून स्कोपचे फोटो टाकतो, आणि स्विच नोडवर (स्विच पिनच्या जोडावर) पण थोडं रिंगिंग दिसतंय, त्याला स्नबर (रिंगिंग शोषणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) लावून बघायचंय.