चड्डीवाला वेताळ

चवथ (गणेशचतुर्थी) जवळ आली की आमच्याकडे माळ्यावरचं सामान उतरवतात. यंदा माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर फळंपानं टांगायच्या चौकटीमागून बाबांची पत्र्याची ट्रंक निघाली. खनिजाच्या बार्जीवर कामाला जाताना ते हीच न्यायचे. मला वाटलं, आत जुनी बिलं असतील. निघाले अकरा इंद्रजाल कॉमिक्स. सगळे मराठी, सात वेताळाचे, तीन जादूगार मॅन्ड्रेकचे, एक बहादूरचा. कसरीने पानांची चाळण केलेली आणि आमच्या पावसाने बाकीचं काम पूर्ण केलेलं.

साफसफाई बायकोवर सोडून मी सोप्यावर जाऊन बसलो. (त्याबद्दल जे ऐकायचं ते ऐकून झालं आहे.)

बाबा बार्जीवरून पंधरा-पंधरा दिवसांनी यायचे, येताना पणजीच्या स्टँडवरून एक अंक आणायचे. घरी आम्ही कोकणी बोलायचो, शाळेत मराठी शिकायचो. पण मराठी झरझर वाचायला मला शाळेने नव्हे, या बत्तीसेक पानांनी लावलं. शेजारच्या मित्राशी देवघेव चाले. दर ठरलेला: एका वेताळाला दोन मॅन्ड्रेक. बहादूर तेव्हा कुणी बदल्यात घेत नसे. आता वाटतं, आबिद सुरतींनी उभा केलेला तो केशरी कुडत्यातला देशी नायक आम्ही उगाच स्वस्तात काढला.

पण माझा जीव वेताळात. वेताळ म्हणजे ली फॉक या लेखकाचा फँटम. तो १९३६ साली अमेरिकन वर्तमानपत्रांत आला, सुपरमॅनच्याही दोन वर्षं आधी. उडता येत नाही, गोळी लागली तर रक्त येतं. मुखवटा, दोन पिस्तुलं, कवटीची अंगठी, बस्स. बाप मेला की मुलगा तोच मुखवटा चढवतो, म्हणून लोकांना वाटतं हा चारशे वर्षं जिवंत आहे. चालतंबोलतं भूत.

इथेच आमच्या घरात घोटाळा झाला. कारण वेताळ आमच्याकडे आधीपासून होताच. आमोणे, प्रियोळ, पैंगीण, कितीतरी गावांत त्याचं देऊळ आहे. लोलयेला तर त्याची भलीमोठी पाषाणमूर्ती उघड्यावर उभी आहे, अंगावर चिंधी नाही. रात्री तो गावाची राखण करत फिरतो, फिरून फिरून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून त्याला नव्या वहाणा वाहायच्या. आजीने हे मला सांगितलं तेव्हा मी पाच-सहा वर्षांचा असेन. रात्री कुत्री भुंकली की मी वहाणांचा आवाज ऐकायचो.

अशा पोराच्या हातात मुखपृष्ठावर ‘वेताळ’ लिहिलेलं पुस्तक पडलं. रात्री फिरणारा, मरण नसलेला, रक्षण करणारा. मला काही शंकाच आली नाही. शंका आली आजीला. तिने चश्मा लावून चित्र नीट पाहिलं, जांभळा अंगाला घट्ट पोशाख आणि वर पट्ट्यापट्ट्यांची चड्डी, आणि म्हणाली, “हो खंयचो वेताळ रे? आमचो देव चड्डी घालिना.”

मराठीत हे नाव कुणी ठरवलं मला ठाऊक नाही, पण त्या माणसाला माझा नमस्कार. टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी १९६४ साली इंद्रजाल सुरू केलं तेव्हा इकडच्या वाचकाला टोचेल ते सगळं घासून काढलं होतं. मूळ गोष्टीतला बेंगाला देश बंगालसारखा ऐकू येतो म्हणून त्याचं डेंकाली केलं. सिंग नावाचे चाचे सिंगा झाले. वेताळाच्या बापाचा खुनी मुळात रामा. इथे तो रामालू. म्हणजे आपल्याकडचं जे जे होतं ते पुसून टाकलं, आणि मग देशी भाषांत नायकाला थेट आपल्या देवाचं नाव दिलं! या एका शब्दावर अख्खं जंगल सावंतवाडीच्या पलीकडचं नव्हे, आमच्या डोंगरामागचं झालं.

परवा वाचताना मात्र एका पानावर अडकलो. पहिल्या वेताळाची कुळकथा. साल १५३६. चाचे जहाज लुटतात, एक गोरा तरुण किनाऱ्याला लागतो, बुटके बांदर लोक त्याला वाचवतात आणि तो त्यांच्या जंगलाचा राखणदार होतो. एकवीस पिढ्या. १५३६! पोर्तुगीज आल्बुकेर्कने गोवा घेतला १५१० साली. सकाळी शाळेत बाईंकडून १५१० घोकायचं, दुपारी पेजेनंतर १५३६ वाचायचं, आणि हे दोन आकडे माझ्या डोक्यात कधी शेजारी बसले नाहीत. समुद्रातून गोरा माणूस येतो, त्याची सत्ता पिढ्यान् पिढ्या टिकते आणि स्थानिक लोक त्याच्याकडे मान वर करून बघत राहतात. साडेचारशे वर्षं हे बघितलेल्या गावातलं पोर मी, आणि मी टाळ्या वाजवत होतो. बांदरांचा मुखिया गुरन इतका शहाणा, पण एकाही गोष्टीत निर्णय त्याचा नाही. चित्रांतही तो कायम वेताळाच्या कमरेएवढा.

राग आला का? आला थोडा. पण पान उलटलंच. वेताळाच्या त्या कवटीच्या गुहेत शिरताना धबधब्याचं पाणी अंगावर पडतं ना, ते मला अजून पडलं.

१९९० साली इंद्रजाल बंद पडलं तेव्हा मी नोकरीला लागलो होतो. मला ते पुष्कळ उशिरा कळलं. हिंदी-इंग्रजी अंकांमागे हिंडणारे बरेच भेटतात. मराठी अंक कुणी विचारताना मी तरी पाहिला नाही.

सातातल्या एका अंकाची शेवटची चार पानं गायब आहेत. वेताळाची डायना चाच्यांच्या बोटीत बांधलेली, वेताळ अजून पाण्यात, आणि पुढे थेट मागचं कव्हर. पानं कुणाकडे गेली याचा मला पक्का संशय होता. काल त्या शेजारच्या मित्राला फोन केला. तो म्हणाला, पानांचं आठवत नाही, पण माझे दोन मॅन्ड्रेक तुझ्याकडे येणे आहेत.

ट्रंकेत तीन आहेत. मी त्याला सांगितलं नाही.