अँबेसेडर मार्क फोर: दोन्ही काटे एकदम वर का चढत होते

बाबांच्या 1984 च्या मार्क फोरवर चाळीस वर्षांत किती हात फिरले, ते डॅशबोर्डच्या मागे डोकावलं की कळतं. मूळची हिरवी वायर अर्ध्यावर संपलेली, पुढे घरगुती लाल वायर, जोडावर चिकटपट्टी आणि चिकटपट्टीखाली नुसता पीळ. मीटरची पत्र्याची प्लेट रंगून आली त्याच दिवशी बॅटरीची अर्थ (बॉडीला जाणारी वायर) काढली आणि हे सगळं कापून टाकलं.

नव्या वायरींचे रंग मात्र ल्युकास या ब्रिटिश कंपनीच्या जुन्या पद्धतीचेच ठेवले. फ्यूजमधून येणारा सप्लाय हिरवा, टाकीच्या सेंडरकडे (पातळी मोजून मीटरला कळवणारा भाग) जाणारी हिरवी-काळी, तापमानाच्या सेंडरची हिरवी-निळी, मीटरच्या दिव्यांची लाल-पांढरी, अर्थ काळी. नागपूरच्या ऑटोमोटिव्ह चौकाकडे हिरवी-निळी मिळाली नाही, म्हणून साध्या हिरव्या वायरवर वीत-वीत अंतरावर निळी स्लीव्ह चढवली. उद्या दुसऱ्या कुणी ही गाडी उघडली तर त्याला कोणती वायर कुठे जाते ते शोधत बसावं लागू नये.

गाडी चालू केली. टाकीत जेमतेम दहा लिटर पेट्रोल, तरी काटा अर्ध्याच्या वर. तापमानाचा काटा दहा मिनिटांत लाल पट्ट्याजवळ, आणि रेडिएटरचा वरचा पाइप मात्र हातात धरवत होता, म्हणजे इंजिन तेवढं तापलंच नव्हतं! मी दोन रविवार सेंडर तपासण्यात घालवले. टाकीचा सेंडर काढला, ओहम मोजले, परत बसवला. शेवटी गल्लीतले इलेक्ट्रिशियन काका आले, त्यांनी खाली वाकून एकदाच पाहिलं आणि म्हणाले, "दोन्ही काटे संगंच चढून राहिले न? मंग टाकीत काय पाहून राहिला? आधी अर्थ पाय."

अगदी बरोबर होतं. या मीटरच्या आत बायमेटलची, म्हणजे दोन धातू जोडून केलेली पट्टी असते. तिच्यावरच्या गुंडाळीतून करंट गेला की पट्टी तापून वाकते आणि काटा सरकतो, म्हणून तो इतका सावकाश चढतो. पण गाडीचा व्होल्टेज 12 ते 14 मध्ये हलत राहतो. तो सरासरी 10 वर धरायला दोन्ही मीटरसाठी मिळून एकच स्टॅबिलायझर असतो. त्याच्यातही बायमेटलच असतं: तापलं की संपर्क सुटतो, निवलं की परत जुळतो. त्याच्या गुंडाळीला अर्थ मिळते ती मीटरच्या प्लेटवर बसवलेल्या त्याच्या डबीच्या पत्र्यातून. प्लेटच्या नव्या रंगाने नेमकी तीच वाट बंद केली होती. अर्थ नाही, म्हणून गुंडाळी तापत नाही, संपर्क सुटत नाही आणि मीटरला सलग पूर्ण व्होल्टेज मिळतो.

टेस्ट लॅम्प स्टॅबिलायझरच्या आउटपुटला लावला तर एकसारखा जळत होता. डबीखालचा रंग पत्रा चमकेपर्यंत खरवडला, दातेरी वॉशर टाकला आणि बॉडीपर्यंत वेगळी काळी वायर नेली. लॅम्प लुकलुकायला लागला. ते लुकलुकणं पाहून मला जो आनंद झाला तो ज्याने हे काम केलंय त्यालाच कळेल.

स्टॅबिलायझरचे संपर्क मात्र जळून काळे पडले होते. म्हणून सीताबर्डीतून 7810 आयसी (कायम 10 व्होल्ट देणारा) आणला आणि जुन्याच डबीत बसवला. त्याची पाठ म्हणजेच ग्राउंड, त्यामुळे ती सरळ डबीच्या पत्र्याला स्क्रूने आवळता येते. इनपुट आउटपुटपेक्षा साधारण दोन व्होल्टने जास्त असावं लागतं, ते इंजिन चालू असताना आरामात मिळतं.

तापमानाचा सेंडर केटलीत बुडवून तपासला. त्याच्या बॉडीला अर्थची वायर जोडायला विसरू नका, नाहीतर काटा हलायचाच नाही. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण 310 मीटरवर आहे, पाणी 99 अंशांच्या आसपास उकळतं. ती खूण काचेवर पेन्सिलीने केली. मे महिन्यात 45 च्या उन्हात सिग्नलला उभं राहिल्यावर ही खूण कामाची आहे. पेट्रोलसाठी पंपावर पाच-पाच लिटर भरत दर वेळी काटा कुठे थांबतो ते टिपून ठेवलं.

काल संध्याकाळी बाबांना शेजारी बसवून सेमिनरी हिल्सचा चढ चढलो आणि फुटाळ्याला उतरलो. तापमानाचा काटा मध्यावर स्थिर होता. बाबा पूर्ण वेळ पेट्रोलच्याच काट्याकडे पाहत होते. त्यांच्या आठवणीत तो कधीच खरा चालला नव्हता.

आता 2.2 वॅटच्या दिव्यांचे होल्डर राहिलेत, दोन गंजलेत.