जावा १७ वर बिल्ड नेताना: प्लगइनच्या डिपेंडन्सींचा अनुभव

देवगडच्या काही आंबा बागायतदारांच्या हिशोबाचं सॉफ्टवेअर मी इथूनच, घरून सांभाळतो. वाशीच्या दलालाकडून विक्रीची माहिती एक्सएमएलमध्ये येते आणि तिच्यावरून प्रत्येकाची पट्टी निघते: पेट्या किती गेल्या, भाव काय लागला, भाडं-हमाली वजा जाता हातात किती आले. त्या एक्सएमएलच्या स्कीमावरून (रचनेच्या आराखड्यावरून) जावाचे क्लास तयार करण्याचं काम बिल्ड (कोडपासून सॉफ्टवेअर बांधणं) चालू असताना मेव्हन या बिल्डच्या साधनाचं एक प्लगइन (जोड-प्रोग्राम) करतं. हंगाम तोंडावर असताना आपोआप बिल्ड चालवणाऱ्या जेंकिन्सच्या सर्व्हरवर जावा ८ जाऊन जावा १७ आलं, आणि बिल्ड अडलं. जेएएक्सबीचा, म्हणजे एक्सएमएल आणि जावाचे क्लास यांची सांगड घालणाऱ्या लायब्ररीचा, क्लास सापडत नाही, अशी एरर.

जेएएक्सबी पूर्वी जेडीकेसोबतच (जावाच्या मूळ साधनसंचासोबतच) यायचं. सप्टेंबर २०१८ मध्ये आलेल्या जावा ११ मधून ते काढून टाकलं. त्यामुळे पॉममध्ये (मेव्हनच्या प्रोजेक्ट फाइलमध्ये) ते स्वतंत्र डिपेंडन्सी (लागणारी बाहेरची लायब्ररी) म्हणून जोडा, हा सल्ला कुणीही देतं. आमच्या पॉममध्ये ते आधीपासून होतं. तरी एरर तीच.

उलगडा झाला तो एरर कुठल्या टप्प्यावर येते ते पाहिल्यावर. कंपाइलचा टप्पा अजून आलाच नव्हता. बिल्ड त्याच्या आधी, सोर्स तयार करण्याच्या टप्प्यावर पडत होतं. म्हणजे क्लास सापडत नव्हता तो आमच्या कोडला नव्हे, प्लगइनला. मेव्हन डीबग पर्याय लावून चालवलं की प्रत्येक प्लगइनसाठी कोणत्या जार फाइली (जावा लायब्ररींच्या फाइली) भरल्या, ती यादी लॉगमध्ये दिसते. आमच्या प्लगइनच्या यादीत जेएएक्सबीची एपीआय (कोड ज्याला हाक मारतो तो भाग) नव्हती.

प्रोजेक्ट आणि प्लगइन एकाच पॉममध्ये नांदतात, पण चुली वेगळ्या. प्लगइनला स्वतःचा क्लासलोडर (क्लास शोधून भरणारा भाग) असतो. प्रोजेक्टच्या डिपेंडन्सी त्याला आपोआप मिळत नाहीत, आणि पॉमच्या डिपेंडन्सी मॅनेजमेंट या भागात ठरवलेल्या व्हर्जनही त्याला लागू होत नाहीत. म्हणून जेएएक्सबीची एपीआय आणि रनटाइम (प्रत्यक्ष काम करणारा भाग), दोन्ही २.३.१, त्या प्लगइनच्या ब्लॉकमध्येच त्याच्या स्वतःच्या डिपेंडन्सी म्हणून लिहिली. बिल्ड पुढे सरकलं. प्लगइनची नवी व्हर्जन घेणं हाही मार्ग होता, पण ऐन हंगामात तयार होणारा कोड बदलू द्यायचा नाही, असं मी ठरवलं. पट्टीत एका रकमेची गडबड झाली तरी बागायतदाराचा विश्वास जातो, आणि तो परत मिळवणं सोपं नसतं.

याच निमित्ताने प्रत्येक प्लगइनची व्हर्जन पॉममध्ये लिहून टाकली. ती लिहिलेली नसेल तर बिल्ड थांबवायचं, असा एन्फोर्सर या नियम तपासणाऱ्या प्लगइनचा नियमही लावला. रिपॉझिटरीचंही (लायब्ररींच्या साठ्याचंही) तसंच: प्लगइनं आणि त्यांच्या डिपेंडन्सी कुठून आणायच्या, ते प्लगइन रिपॉझिटरीजमध्ये वेगळं सांगावं लागतं. आतल्या सर्व्हरवर ठेवलेलं प्लगइन साध्या रिपॉझिटरीजच्या यादीवरून सापडत नाही.

इकडे मे महिन्यात वळीव कोसळला की वीज जाते आणि तिच्यामागून नेटही. त्यामुळे लॅपटॉपवर ऑफलाइन बिल्ड चालणं ही माझी रोजची गरज आहे. त्यासाठी मेव्हनचं गो-ऑफलाइन (लागणाऱ्या फाइली आधीच उतरवणारी कमांड) आहे, पण ते सगळं आणत नाही. टेस्ट चालवणारं शुअरफायर प्लगइन त्यासाठी लागणारा प्रोव्हायडर (टेस्टच्या लायब्ररीशी जोडणारी जार) ऐन वेळी शोधतं; तो आधी उतरलेला नसेल तर ऑफलाइन बिल्ड टेस्टपाशी थांबतं. म्हणून नेट असताना रिकाम्या लोकल रिपॉझिटरीवर टेस्टसकट पूर्ण बिल्ड एकदा चालवून घेतो. वेळ लागतो, पण मग फाइली खरोखर जागेवर असतात.

पुढचं काम जकार्ता या नव्या नावाकडे जाण्याचं. जेएएक्सबीच्या ३.० पासून पॅकेजचं नाव जावाएक्सऐवजी जकार्ता झालं आहे, म्हणजे तयार होणाऱ्या प्रत्येक क्लासमधले इम्पोर्ट (इतर क्लासची नावं घेणाऱ्या ओळी) बदलणार. तेव्हा प्लगइन, त्याच्या डिपेंडन्सी आणि प्रोजेक्टच्या डिपेंडन्सी एकाच वेळी पुढे न्याव्या लागतील. ते शेवटच्या पट्ट्या वाटून झाल्यावर, पावसाळ्यात.