दिली नाही त्या गोळीची नोंद

मागच्या मे महिन्यात मी निवृत्त झाले. कागदावर पद औषधनिर्माण अधिकारी, गावाच्या तोंडी शेवटपर्यंत 'कंपाउंडरबाई'. सिंधुदुर्गात, सह्याद्रीच्या पायथ्याच्या तीन प्राथमिक आरोग्य केंद्रांत मिळून 31 वर्षं औषधांच्या खिडकीमागे काढली. चार्ज देताना सगळं मोजून सोपवलं: स्टॉक रजिस्टर, फ्रिजच्या तापमानाची वही, किल्ल्या आणि एक मोडका तराजू, जो मी रुजू झाले तेव्हाही मोडकाच होता. एक वही मात्र दिली नाही. ती सरकारी नव्हतीच, त्यामुळे कुणी मागितलीही नाही.

ती सुरू झाली 2006 च्या पावसाळ्यात. वरच्या वाडीतली एक आजी बीपीच्या गोळ्यांना आली होती. तेव्हा अ‍ॅटेनोलॉल चालायची आणि आमच्याकडे ती संपलेली होती. मेडिकल ऑफिसरनी चिठ्ठी लिहिली, बाहेरून घ्या. आजी चिठ्ठी हातात धरून खिडकीशी उभी. म्हणाली, "गोळी नाय तर मी कित्याक इलंय मगे?" ओढा ओलांडून, एस.टी. पकडून आलेली बाई. मी काय सांगणार? संध्याकाळी रजिस्टर लिहायला बसले. अ‍ॅटेनोलॉल: आवक शून्य, वाटप शून्य, शिल्लक शून्य. हिशेब चोख. ऑडिटर आला असता तर शाबासकी देऊन गेला असता. फक्त ती आजी त्यात कुठेच नव्हती.

मग लेकाच्या शाळेची उरलेली शंभर पानी वही घेतली आणि लिहायला लागले. तारीख, औषध, परत गेलेली माणसं. नावं नाहीत, नुसत्या रेघा. पाचवी रेघ आडवी.

या रेघांनी मला जे शिकवलं ते कुठल्या प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं. आमचं वर्षाचं मागणीपत्र कसं बनायचं? गेल्या वर्षीचा खप धरायचा आणि त्यावर थोडे टक्के वाढवायचे. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. आता समजा, केंद्रात बीपीचे 120 पेशंट आहेत, रोज एक गोळी. महिन्याला 3,600, वर्षाला 43,200. पुरवठा आला 20,000 चा. साडेपाच महिन्यांत फडताळ रिकामं. वर्षाचा खप किती लागला? 20,000. पुढच्या वर्षी 10 टक्के वाढवून मागणी गेली 22,000 ची. म्हणजे जी गोळी अर्धं वर्ष नव्हती, तिची 'मागणी कमी आहे' असं आम्हीच आमच्या सहीने वर कळवायचो. वरचा साहेबही चुकत नव्हता, तो आमच्याच आकड्यांची बेरीज करत होता.

उलट बाजूही तशीच. जे जास्त आलं ते संपवावं लागतं. एका वर्षी मार्च एंडला खोक्यांनी भरलेला टेम्पो दारात लागला. आत खोकल्याचं सिरप, चार महिन्यांवर एक्सपायरी. पुरवठादाराचं नाव घेत नाही. निधी मार्चमध्ये सुटतो, तो 31 तारखेच्या आत खर्ची पडायचा असतो, तेव्हा जे तयार असेल ते येतं. मे-जूनमध्ये आमच्याकडे खोकला काय, पाय मुरगळलेल्या माणसालाही सिरप मिळत होतं. आणि रजिस्टरात त्याचा खप बघा, काय सुंदर! पुढच्या वर्षी पुन्हा तेवढंच मंजूर.

एका प्रशिक्षणात तमिळनाडूचं ऐकलं. तिथे 1994 साली औषधखरेदीसाठी वेगळं महामंडळ केलं आणि 1995 पासून त्याचा पुरवठा सुरू झाला. जिल्ह्याजिल्ह्यात गोदामं, माल आल्यावर नमुने तपासणीला आणि ते पास झाल्याशिवाय वाटप नाही. पण मला भावलं ते पासबुक. प्रत्येक दवाखान्याच्या नावावर वर्षाची रक्कम, बँकेसारखी. दवाखान्याने आपल्याला हवं ते औषध उचलायचं, तेवढी रक्कम वजा. काय लागतं ते खिडकीपाशी ठरतं. राजस्थानने 2011 साली मोफत औषध योजना काढली तीही स्वतंत्र महामंडळाच्या जोरावर. आपल्याकडे मात्र खरेदी कोणी करायची याचाच खेळ लांबला. 2017 मध्ये ती लस बनवणाऱ्या सरकारी हाफकिन महामंडळाकडे दिली, 2023 मध्ये कायदा करून स्वतंत्र प्राधिकरण नेमलं. त्याच वर्षी 15 ऑगस्टपासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले. चांगलंच झालं. पण केसपेपरच्या चार पैशांसाठी कुणी परत गेल्याची एकही रेघ माझ्या वहीत नाही. सगळ्या रेघा गोळ्यांच्या.

पेपरात अधूनमधून देशाचे आरोग्य लेखे येतात, ते मी कात्री लावून ठेवते. 2013-14 मध्ये देशाच्या एकूण आरोग्यखर्चातला 64.2 टक्के खर्च लोक स्वतःच्या खिशातून करत होते, 2021-22 मध्ये तो 39.4 टक्क्यांवर आला. सरकारी खर्च जीडीपीच्या 1.84 टक्के झाला. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात 2025 पर्यंत अडीच टक्के म्हटलं होतं, ते असो. खिशाचा आकडा उतरला याचा आनंद आहे, आणि त्यातला बराचसा खराही असणार. पण माझ्या खिडकीतून एक शंका येते. चिठ्ठी घेऊन समोरच्या मेडिकलमध्ये गेलेल्या माणसाचा खर्च मोजला जाईल. आजी त्या दिवशी मेडिकलकडे वळलीच नव्हती, सरळ स्टँडवर गेली होती. तिचा खिशातला खर्च किती? शून्य. आमच्या रजिस्टरात शून्य, देशाच्या लेख्यातही शून्य.

लोक म्हणतात, आता योजना आहेत की. आहेत. 2012 मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आली, 2013 मध्ये राज्यभर झाली, 2017 मध्ये तिचं नाव महात्मा फुले जन आरोग्य योजना झालं. दीड लाखाचं कवच पुढे पाच लाखांवर गेलं. अँजिओप्लास्टी फुकट झालेले शेजारी मला माहीत आहेत, त्यांच्या घरच्यांच्या डोळ्यांतलं पाणीही पाहिलंय, त्यामुळे योजनेला नावं ठेवणार नाही. एवढंच म्हणते, ही योजना माणूस ॲडमिट झाला की जागी होते. त्याच्या आधीची दहा वर्षं रोजची एक गोळी त्याला कुणी द्यायची? हृदयावरच्या शस्त्रक्रियेचं पॅकेज ठरलेलं असतं, त्याचा क्लेम जातो. चुकलेल्या गोळीचा क्लेम करता येत नाही.

आमच्या भागात मोठ्या दुखण्यांचीही अशी न दिसणारी माणसं असतात. गोव्याच्या सीमेवरच्या दोडामार्गकडच्या माणसाला ओरोसच्या जिल्हा रुग्णालयापेक्षा गोव्यातलं बांबोळी जवळ. पिढ्यान् पिढ्या आमचं मोठं दुखणं म्हणजे तिथलं गोमेकॉ, गोवा मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल. जानेवारी 2018 पासून गोव्याने बाहेरच्या राज्यांतल्या पेशंटांकडून पैसे घ्यायला सुरुवात केली. त्यावर इकडे संताप झाला, आंदोलनं झाली. पुढे आपली फुले योजना तिथे चालावी म्हणून दोन्ही सरकारांत बोलणीही झाली. मी घरात सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या, कारण मला गोव्याचं म्हणणं पटत होतं. आरोग्य हा घटनेप्रमाणे राज्याचा विषय, तिथले डॉक्टर, खाटा, औषधं गोव्याच्या तिजोरीतून. पावती फाडायला लागले तेव्हा त्यांच्या खात्यात आमची माणसं निदान मोजली तरी गेली. आमच्याकडे त्यांची नोंद कुठे? आमच्या रजिस्टरात हा पेशंट आलाच नाही. मग खाटा रिकाम्या दिसतात, केसेस कमी दिसतात, आणि 'एवढ्या कमी केसेसना तज्ज्ञ कशाला?' हा प्रश्न बिनतोड ठरतो. तज्ज्ञ नाही म्हणून पेशंट बांबोळीला, पेशंट नाही म्हणून तज्ज्ञ नाही. माझ्या अ‍ॅटेनोलॉलचीच गोष्ट, फक्त ॲम्ब्युलन्समध्ये बसलेली.

एकदाच वेगळं पाहिलं. बीपी नियंत्रणाचा केंद्राचा उपक्रम आला, त्यात राज्यातल्या पहिल्या चार जिल्ह्यांत सिंधुदुर्ग होता. प्रत्येक पेशंटचं कार्ड, ठरलेल्या थोड्याच गोळ्या, आधी अ‍ॅम्लोडिपिन, एका वेळी महिन्याभराचं औषध. आणि मागणी? कार्डं मोजून. गेल्या वर्षी किती वाटल्या हे कुणी विचारलंच नाही. मी पहिल्यांदा कार्डांच्या गठ्ठ्यावरून आकडा काढला तेव्हा तो एवढा मोठा आला की भीत भीत सही केली. वाटलं, वरून विचारणा येणार. आल्या त्या गोळ्या. पुढचे काही महिने वहीत बीपीच्या पानावर रेघच नव्हती. पैसा तोच, खातं तेच, मोजायचं काय एवढंच बदललं होतं.

माझ्या जागी आलेला मुलगा हुशार आहे. ई-औषधीवर, म्हणजे औषधसाठ्याच्या सरकारी संगणकप्रणालीवर, त्याची बोटं माझ्या तिप्पट वेगाने चालतात. एकदा सहज त्याला वही दाखवली. त्याने चाळली, दोन पानांचे फोटो काढले आणि विचारलं, "मॅडम, पण हे एंटर कुठे करायचं?" स्क्रीनवर आवक, वाटप, शिल्लक, बॅच, एक्सपायरी. त्याने खरंच शोधलं, पण रेघांना रकाना नव्हता.

मला स्वतःला दोन वर्षं बीपी आहे. मेडिकलमधून घेणं परवडतं, तरी हट्टाने केंद्रातूनच घेते. रांगेत उभं राहिलं की गावाची खबर कळते. परवा गेले तर मुलगा ओशाळून म्हणाला, "मॅडम, आज पंधराच देतो, पुरवून पुरवून चाललंय." मागे सात-आठ जण होते. गोळ्या घेतल्या, घरी आले, वही काढली. पंधरा गोळ्यांना पूर्ण रेघ मारायची की अर्धी, हे मात्र कळेना. शेवटी अर्धी मारली.