एवढा फुगा कशाला, ते सांगते

माझ्या केसांचा एवढा फुगा कशाला, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. 'तुम्ही' म्हणजे कुणी एक नाही. बँकेत काउंटरपलीकडे पासबुक धरून उभे असलेले काका, लिफ्टमध्ये भेटणाऱ्या शेजारीण, लग्नात जेवणाच्या रांगेत गाठणाऱ्या माम्या. पहिला प्रश्न, "आज काही विशेष?" दुसरा, "एवढा वेळ कुठून मिळतो गं तुला?" आणि घरी आलात की हॉलमधला फोटो बघून तिसरा, "तू एवढी नटलीस आणि आईला अशीच बसवलीस?" पहिल्या दोन प्रश्नांवर मी हसते. तिसरा आला की चहा टाकायला आत जाते.

सोपं आधी उरकते. विशेष काही नसतं, मंगळवार असतो. वेळ म्हणाल तर रात्री वीस मिनिटं, सकाळी पस्तीस. साठच्या दशकातल्या नट्यांसारखा फुगा, डोळ्यांच्या कोपऱ्यातून वर गेलेली काजळाची शेपटी, कोरलेल्या भुवया आणि ओठांना एकच एक रंग. बास. मी कुणाचा वेळ मोजत नाही, माझाही मोजू नये.

"हे आपल्यातलं नाही, सिनेमावाल्यांचे चाळे" म्हणणाऱ्या एका काकांना मात्र मी सोडलं नव्हतं. काका, तुमच्या आजीनं पदर कसा घ्यायचा, अंबाड्यावर गजरा कसा माळायचा, हे कुणाचं बघून उचललं? नारायणराव राजहंसांचं, म्हणजे बालगंधर्वांचं. बालगंधर्व रंगमंचावर जे लेवून आले ते पुढे घराघरांतल्या बायकांनी केलं, आणि ते पुरुष होते. घरंदाज बाईनं कसं दिसावं हे ज्या गावात एका नटानं शिकवलं, तिथं मला 'चाळे' ऐकवू नका. काका हसले नाहीत. मीही जरा जास्तच बोलले.

आता पंचाईत अशी की इतकी वर्षं मी स्वतः जे उत्तर देत होते, ते मलाच पटेनासं झालंय. मी सांगायचे, "त्या काळातल्या बायका किती नीटनेटक्या राहायच्या! कसलं पार्लर नाही, काही नाही, सगळं घरच्या घरी, आणि चेहरे बघा, नुसते लोण्याचे." हे मी भर हळदीकुंकवात, भाषणासारखं म्हणून दाखवलंय. कुठल्या बायका? गिरगावात चाळीत राहणाऱ्या माझ्या आजीनं जन्मात भुवई कोरली नाही. कपाळाला मेण, त्यावर कुंकू, एवढाच तिचा शृंगार. आणि पडद्यावरच्या त्या चेहऱ्यांवर पॅनकेक मेकअपचा थर असायचा, वर डोळे दिपवणारे दिवे. हिंदी सिनेमात तो थर चढवायचं काम पुरुषांचं आणि केस बांधायचं बायकांचं, अशी वाटणीच होती. बायकांना मेकअप आर्टिस्टचं कार्ड मिळायचं नाही. ते बेकायदा आहे हे सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, तेही २०१४ साली. म्हणजे 'बायकांची घरगुती कला' वगैरे जे मी म्हणत होते, त्यातलं घरगुती किती आणि बायकांचं किती, हा हिशेब मी कधी केलाच नव्हता.

आणि लोण्याचं म्हणाल, तर ती पेन्सिल होती. आमच्याकडे आईचा एक फोटो आहे, १९६८ सालचा. लग्नानंतर आठ दिवसांनी गिरगावातल्याच एका स्टुडिओत काढलेला. त्यातले तिचे गाल असे आहेत की मी वर्षानुवर्षं बेसन, साय, मुलतानी माती, काय काय थापून बघितलं. मग जुनी कामं केलेल्या एका फोटोग्राफरांनी तो हातात घेऊन तिरपा धरला आणि म्हणाले, "रिटचिंग छान केलंय." पूर्वी निगेटिव्हवर बारीक टोक केलेल्या पेन्सिलीनं काम करायचे. निगेटिव्हवर पेन्सिल लागली की फोटोत ती जागा उजळते, खड्डा भरून निघतो. आईच्या गालांवर देवीचे चार व्रण आहेत. ते मी जन्मापासून बघतेय. फोटोत ते नाहीत, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

मग का करतेस? मला येतं म्हणून, हे एक. आठवीत असताना बाबांच्या कात्रीनं साधना कट मारून घेतला होता. नटी साधनाचं कपाळ रुंद म्हणून १९६० साली तिच्या बटा पुढे आणल्या, आणि मुली कपाळ बघायच्या आधीच बटा कापून मोकळ्या झाल्या. मी केस ओले असताना कापले. वाळल्यावर ते आखडून वर गेले आणि वर्षभर मी हातभर कपाळ घेऊन हिंडले. तिथपासून शिकत आले. आता विचाराल तर झोपेतसुद्धा सांगेन. केस ओला झाला की त्याची घडी सुटते आणि वाळताना ज्या आकारात असेल तो आकार धरतो. म्हणून किंचित दमट केसांची बट बोटावर गुंडाळून पिनेनं टाळूलगत बसवायची आणि पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही. जरा ओल राहिली की सगळं मुसळ केरात. पकड यावी म्हणून जवस उकळायचे, बुळबुळीत झाले की गरम असतानाच फडक्यातून गाळायचे. गार झाले की फडक्यातून थेंब उतरत नाही. सकाळी पिना काढल्या की डोक्याचं शेवयांचं भांडं झालेलं असतं. इथं नवशिकी घाबरते आणि थांबते. थांबायचं नाही, ब्रश मारत राहायचं. आता सगळं वाया गेलं असं वाटलं की त्यानंतर दहा वेळा मारायचा, मग लाट दिसते. टाळूवरचे केस पातळ थरांत घेऊन शेपटीच्या कंगव्यानं टोकाकडून मुळाकडे दाबायचे, वरखाली घासायचे नाहीत. वरचा एक थर तसाच ठेवायचा आणि तो या सगळ्या गुंत्यावरून चापून न्यायचा. लोकांना दिसतो तो थर. आत काय आहे ते माझं मला.

दुसरं कारण सांगायला अवघड आहे. माझं तोंड रुंद आहे. फुग्यानं ते लांबट दिसतं. शेपटीनं डोळे मोठे दिसतात. 'स्वतःसाठी करते' असं म्हणायची हल्ली पद्धत आहे, मीही म्हणून बघितलं. पण कुणी बघणार नसेल त्या दिवशी, म्हणजे दिवसभर घरी असले की, मी केस वर गुंडाळून चाप लावते. तेव्हा जे आहे ते हे आहे.

आता फोटो.

आईची पंचाहत्तरी, २०१९ चा जून. माझ्या डोक्यात आलं की ६८ सालचा तो फोटो हुबेहूब पुन्हा काढायचा. तोच फुगा, तीच शेपटी, पेटीतली तीच साडी. आईला विचारलं का? विचारलं. ती म्हणाली, "कर काय करायचंय ते." माझ्या आईच्या तोंडी याचा अर्थ 'हो' होत नाही, हे मला पन्नाशीच्या उंबरठ्यावर तरी कळायला हवं होतं.

आदल्या रात्री तिच्या पिना बसवल्या. ती म्हणाली टोचतात. मी म्हटलं, रात्रभर तर आहे. सकाळी बघते तो केस आतून ओले. ठाण्यातला जून, बाहेर झड, आणि मी जवसाचं पाणी माझ्या केसांच्या हिशेबानं लावलेलं. तिचे केस म्हणजे मेंदी लावलेली कोथिंबिरीची मुळं. ड्रायर फिरवला. फुगा काढायला टाळूवरचे केस दाबले, तर ते उभेच राहीनात. आत गंगावनाची गुंडाळी घातली, ती वरून दिसायला लागली. एक आकडा जोरात खुपसला तेव्हा तिनं डोळे मिटले. आकड्याच्या टोकाला टिकलीएवढं रक्त होतं. मी ते साडीच्या पिशवीला पुसलं आणि पुढं गेले.

मग डोळे. पंचाहत्तरीच्या पापणीवर रेघ ओढायची म्हणजे चुरगळलेल्या कागदावर पट्टी न घेता. मी अंगठ्यानं कातडी कानाकडे ताणली, रेघ ओढली, छान आली. अंगठा सोडला, तशी रेघ घडीत गेली. डोळा उघडला की तुकडे तुकडे दिसायचे. पुसून पुन्हा. तीनदा. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते पुसण्याच्या रगड्यानं. रगड्यानंच असं मी धरून चाललेय.

आरसा दिला. तिनं बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "वन्संना बरं जमलं होतं."

वन्सं म्हणजे माझी आत्या. ६८ साली तिनंच आईचा फुगा काढला होता, शेपटी ओढली होती उदबत्तीच्या काडीनं, घरी धरलेल्या काजळाची. स्टुडिओतून दोघी परत आल्या तेव्हा आजी सगळ्या चाळीदेखत म्हणाली होती, "काय सूनबाई, नाटकात काम मिळालं का?" आईनं त्या रात्री मोरीत बसून सगळं धुतलं आणि पुन्हा कधी केलं नाही. ही गोष्ट आत्यानं मला सांगितलेली, आणि तिच्यावर माझी सगळी इमारत उभी होती. आईचं जे राहून गेलं ते मी करते. हे मी लोकांना सांगायचे. सांगताना गळा दाटायचा.

म्हणून मी त्या क्षणी, हातात कंगवा, म्हटलं, "जमलं होतं ना? मग आजीला घाबरून सोडलंस कशाला?"

"कोण घाबरलं?" आई म्हणाली. "सोडवताना असं दुखलं की परत नको म्हटलं. सासूबाईंचं काय, त्या रोजच काही ना काही म्हणायच्या." आणि मग, "सोडव आता. दुखतंय."

गुंता टोकाकडून सोडवायचा असतो. खालचं बोटभर मोकळं करायचं, मग त्याच्या वरचं. हे मी झोपेतसुद्धा सांगेन असं आत्ताच म्हटलं ना? त्या सकाळी मी कंगवा मुळाशी घातला आणि ओढला. अकराला हॉल होता, माझे केस व्हायचे होते, हे खरं. मला तिचा राग आला होता, हेही खरं. कंगव्यात केस आले, थोडेथोडके नाहीत, पुंजका. आई काही बोलली नाही. तिनं तो पुंजका कंगव्यातून काढला, रोज काढते तसा बोटाभोवती गुंडाळला आणि माझ्या हातावर ठेवला.

"'केसावर फुगेऽऽ' ओरडत येतो ना तो, त्याला दे," ती म्हणाली. "फुगाच हवा होता ना तुला."

मी हसले. तीही हसली असेल. मी तिच्याकडे बघितलं नाही.

त्यानंतर पंचवीस मिनिटं उरली होती. तिनं स्वतःच तोंड धुतलं, लिंबाएवढा अंबाडा घातला, वर मोगरा. आणि मी? मी माझा फुगा काढला. शेपटीसकट. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. पाच मिनिटांत साधी वेणी घालून निघता आलं असतं, पण मी आरशासमोर उभी राहून एकेक आकडा बसवत होते आणि त्या दिवशी जसा जमला तसा फुगा मला आधी कधी जमला नव्हता. आईच म्हणाली होती, "तुझं तरी कर नीट." असं मला स्वच्छ आठवतं. बहीण तेव्हा खोलीत होती. ती म्हणते, आई असं काही बोलली नव्हती.

त्या दिवशीचा फोटो हॉलमध्ये आहे. आईचं नाक लाल आणि डोळ्यांखाली काजळाची पुसट राख, शेजारी मी थेट आत्यासारखी. तो काढून टाक असं बहीण दोनदा म्हणाली. काढला नाही. प्रायश्चित्त म्हणून ठेवलाय की मी त्यात बरी दिसते म्हणून, हे रोज वेगवेगळं वाटतं. आईच्या भांगाजवळ रुपयाएवढी जागा विरळ झालीय. वयानं असेल. तिथं नजर गेली की मी दुसरीकडे बघते.

आई आता एक्याऐंशीची आहे. सकाळी मी आरशासमोर बसले की ती मागे पलंगावर येऊन बसते, पिनांची डबी मांडीवर घेऊन. मी हात मागे केला की दातांनी उघडलेली पिन तळव्यावर ठेवते. हे कधी सुरू झालं ते आठवत नाही, मी सांगितलेलं नाही. बोलत नाही फारशी. परवा शेवटची पिन देता देता म्हणाली, "डावीकडे बसलाय."

आरशात मला सरळ दिसत होता. हातानं चाचपला. डावीकडे बसला होता.